बफेलो शहरांतील अभ्रंलिह इमारती

संस्कृतांत 'अभ्रंलिह' असा एक फार बोलका शब्द आहे. अभ्र म्हणजे मेघ. त्यास चाटतें तें अभ्रंलिह. हा शब्द साधण्यास पाणिनीनें सूत्र घातलें आहे, व वृत्तिकारांनीं त्याचें उदाहरण म्हणून वाऱ्याचें नांव घेतलें आहे. पुढें कवींनीं तोच शब्द उंच प्रासादांच्या शिखरांस लाविला. इंग्रजींत ज्या इमारतीस 'स्कायस्क्रेपर' म्हणजे आकाश खरवडणारी असें म्हणतात, तिच्यासाठीं आम्हांस हा आपला जुना शब्दच अधिक गोड वाटतो. कारण खरवडण्यांत जो आडदांडपणा आहे तो चाटण्यांत नाहीं. गमतीची गोष्ट अशी कीं, तो इंग्रजी शब्दहि मूळचा घरांचा नव्हे. जहाजाच्या डोलकाठीवर अगदीं शेंड्यास जें लहानसें शीड लावीत, त्यास खलाशी लोक त्या नांवानें ओळखीत. आज आम्ही ज्या शहराविषयीं लिहिणार आहों तेंहि मूळचें खलाशांचेंच असल्यामुळें, या शब्दापासून आरंभ करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

अमेरिकेंतील उंच इमारती म्हटल्या कीं, न्यूयॉर्क व शिकागो हीं नांवें लहान मुलेंहि सांगतात. परंतु एखाद्या कुळाची खरी स्थिति त्यांतील सर्वांत धनाढ्य पुरुषावरून कळत नाहीं. ती मध्यम स्थितींतल्या गृहस्थाच्या घरावरून कळते. देशाचेंहि तसेंच आहे. म्हणून आम्हीं या लेखासाठीं बफेलो हें मध्यम आकाराचें शहर निवडलें आहे. २०२० च्या खानेसुमारींत त्याची लोकसंख्या २,७८,३४९ इतकी भरली. त्याच्या मोजक्या उंच इमारती ओळीनें पाहिल्या असतां, प्रथम धान्यानें, मग विजेनें, मग नागरिकांच्या अभिमानानें आणि शेवटीं पेढ्यांच्या हिशेबानें माणसास उंच कसें चढविलें, आणि माणसें निघून गेल्यावर त्या उंचीचें काय झालें, हा सर्व इतिहास एका ठिकाणीं वाचावयास मिळतो.

कालव्यानें जन्मास घातलेलें नगर

न्यूयॉर्क नांवाचें जसें शहर आहे, तसें त्याच नांवाचें एक संस्थानहि आहे. त्या संस्थानाच्या पश्चिम टोकास, ईरी नांवाचें विस्तीर्ण सरोवर जेथें संपतें व नायगारा नदी त्यांतून बाहेर पडते, तेथें बफेलो वसलेलें आहे. जगप्रसिद्ध नायगाऱ्याचा धबधबा तेथून सुमारें वीस मैलांवर आहे. नदीच्या पलीकडे कानडा देश लागतो. हा मुलूख मूळचा सेनेका नांवाच्या लोकांचा. १८०४ सालीं जोसेफ एलिकट नांवाच्या मोजणीदारानें येथें नगराची आंखणी केली. याच्या वडील भावानें वॉशिंग्टन राजधानीच्या मोजणीचें काम केलें होतें व त्यांत यानें त्यास हातभार लाविला होता. म्हणून बफेलोचे रस्तेहि एका चौकापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें चोहोंकडे फांकलेले आहेत. १८१३ च्या डिसेंबरांत इंग्रजांच्या फौजेनें हें खेडें जाळून टाकलें. त्यांतून तें पुन्हां उभें राहिलें.

या खेड्याचें भाग्य उघडलें तें १८२५ सालीं. हडसन नदीवरील आल्बनी शहरापासून बफेलोपर्यंत ३६३ मैलांचा ईरी कालवा त्या वर्षीं पुरा झाला. तो ४० फूट रुंद व अवघा ४ फूट खोल होता. घोडीं व खेंचरें कांठावरून चालत आणि दोरानें नावा ओढीत. वाटेंत ८३ ठिकाणीं पाण्याचीं दारें होतीं; त्यांच्या साह्यानें नाव पायरी पायरीनें वर चढे वा खालीं उतरे. यापूर्वीं बफेलोहून न्यूयॉर्कपर्यंत एक टन माल नेण्यास सुमारें शंभर डॉलर पडत. कालव्यानें तो खर्च दहा डॉलरांच्या आंत आणला. १८२० सालीं ज्या गांवीं २,०९५ माणसें होतीं, तेथें १८३० सालीं ८,६६८, १८५० सालीं ४२,२६१ आणि १९०० सालीं ३,५२,३८७ माणसें झालीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं हें अमेरिकेंतील आठव्या क्रमांकाचें शहर होतें.

पहिली उंची धान्याची

बफेलोंत सर्वांआधीं उंच झालीं तीं धान्याचीं कोठारें. कचेऱ्या, देवळें वा श्रीमंतांचे वाडे त्यांच्यामागून आले. पश्चिमेकडील अफाट मैदानांत पिकलेला गहूं सरोवरांतून मोठमोठ्या जहाजांनीं येथपर्यंत येई. पुढें कालवा उथळ असल्यामुळें तो लहान नावांत भरावा लागे. ही भरउतार आयर्लंडांतून आलेले गरीब मजूर पाठीवर ओझें वाहून करीत. पाऊसवारा असला कीं काम बंद पडे, आणि जहाजें बंदरांत खोळंबून राहत. जोसेफ डार्ट नांवाच्या व्यापाऱ्यानें रॉबर्ट डनबार या यंत्रज्ञाच्या मदतीनें १८४२-४३ सालीं यावर उपाय काढला. त्याची कल्पना आपल्या वाचकांस समजावून सांगण्यास चित्र नको. आपलें रहाटगाडगें डोळ्यांसमोर आणिलें म्हणजे पुरे. एका लांब पट्ट्यास लहान लहान पोहरे जडविलेले. पट्ट्याचें खालचें टोक जहाजाच्या पोटांत सोडलेलें. आणि वाफेच्या यंत्रानें तो पट्टा फिरूं लागला कीं पोहरे धान्य भरून वर जात व माथ्यावर रिते होत. विहिरीच्या जागीं जहाज आणि पाण्याच्या जागीं गहूं, एवढाच फरक.

आतां हें धान्य इतकें उंच चढविण्याचें कारण काय? कारण असें कीं, धान्य हें पाण्यासारखें वाहतें. तें एकदां माथ्यावर नेलें कीं, तोलणें, निवडणें, कणगींत भरणें आणि पुन्हां नावेंत ओतणें हीं सर्व कामें त्याच्या स्वतःच्या वजनानें होतात. पुन्हां मनुष्यबळ लागत नाहीं. म्हणजे येथें उंची ही मिरविण्याची वस्तु नसून काम वांचविण्याची युक्ति होती. अशा कोठारास अमेरिकन लोक 'एलिव्हेटर' म्हणतात, आणि माणसें वर नेणाऱ्या पाळण्यासहि त्यांच्याकडे हाच शब्द आहे. धान्य आधीं चढलें आणि माणूस मागाहून चढला, हें त्या एका शब्दांतच सांठविलेलें आहे.

पहिलीं कोठारें लांकडी होतीं. धान्याची बारीक धूळ दारूसारखी भडकते. त्यामुळें तीं वारंवार जळत. मग विटा, पोलाद, खापरीच्या फरशा असे प्रयोग होत होत अखेर सिमेंट कॉंक्रीटचे प्रचंड नळकांडे उभे राहूं लागले. हे बांधण्याची रीति अशी कीं, सांचा एकदां उभारला म्हणजे तो हळूहळू वर सरकवीत जावयाचा व काम रात्रंदिवस चालू ठेवावयाचें. मध्यें थांबलें तर सांधा राहतो. १९१५ ते १९१७ या काळांत बांधलेलें 'कॉंक्रीट सेंट्रल' हें कोठार तर जवळजवळ पाव मैल लांब आहे. ज्या युरोपांतील वास्तुविद्याविशारदांनीं पुढें नवी बांधकामपद्धति रूढ केली, त्यांच्यावर या कोठारांचा मोठा परिणाम झाला. जर्मनींतील वाल्टर ग्रोपियस यानें १९१३ सालीं अमेरिकेंतील अशा कोठारांचीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं, व त्यांत बफेलोचींहि होतीं. ल कॉर्बुझिए यानें १९२३ च्या आपल्या ग्रंथांत अशा कोठारांची स्तुति केली. पाठीवर पोतीं वाहणाऱ्या मजुराचे श्रम वांचावे म्हणून काढलेल्या युक्तीनें जगाच्या सौंदर्यदृष्टीस वळण लावावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

पोलादी सांगाडा

माणसांच्या इमारती उंच होण्यास दोन गोष्टींची वाण होती. पहिली, जिन्याशिवाय वर जाण्याची सुरक्षित सोय. एलिशा ओटिस यानें पाळण्याचा दोर तुटला तरी पाळणा जागच्या जागीं अडकून राहील असा खटका बसविला व १८५४ सालीं न्यूयॉर्कमधील प्रदर्शनांत स्वतः पाळण्यावर उभें राहून दोर तोडवून दाखविला. दुसरी अडचण भिंतींची. वरचा सर्व भार भिंतींनींच वाहावयाचा तर मजले वाढतील तशा खालच्या भिंती जाड कराव्या लागतात. शिकागो येथें १८९१ सालीं पुरी झालेली सोळा मजल्यांची विटांची मोनॅडनॉक इमारत घ्या; तिच्या तळाशीं भिंत सहा फूट जाड आहे. अशा घरांत खालच्या मजल्यावर माणसांस जागा कितीशी उरणार? यावर तोड म्हणजे धातूचा सांगाडा. भार सर्व खांबांनीं व तुळयांनीं वाहावयाचा, आणि भिंत ही हाडांवरच्या कातड्याप्रमाणें केवळ आच्छादन म्हणून ठेवावयाची. शिकागोची 'होम इन्शुरन्स' इमारत १८८५ सालीं झाली, तेथपासून ही रीति प्रसिद्धीस आली.

बफेलोंत या नव्या रीतीच्या दोन इमारती १८९६ सालीं एकदमच तयार झाल्या. एक 'एलिकट स्क्वेअर'. नगराची आंखणी करणाऱ्या एलिकटचें नांव तिला दिलेलें आहे. ती दहाच मजली, परंतु घेर इतका मोठा कीं, पुरी झाली तेव्हां कचेऱ्यांची तिच्याएवढी इमारत जगांत दुसरी नव्हती. मध्यें चौक, त्यावर कांचेचें छत, आणि खालीं संगमरवराच्या लक्षावधि तुकड्यांची नक्षीदार जमीन अशी तिची रचना आहे. चौसोपी वाड्यांत राहिलेल्या माणसास हा चौक पाहून परकेपणा वाटणार नाहीं.

दुसरी 'गॅरंटी' इमारत. आणि आमच्या मतें बफेलोचें खरें रत्न हीच. डँकमार ॲडलर व लुई सल्लिव्हन या जोडीनें ती बांधली. हिचे मजले तेरा व उंची सुमारें दीडशें फूट. म्हणजे आजच्या मानानें ती ठेंगणीच. परंतु उंच इमारतीनें दिसावें कसें, या प्रश्नास तिनें उत्तर दिलें. त्यापूर्वींचे कारागीर उंच इमारतीची लाज वाटल्याप्रमाणें तिच्यावर आडवे पट्टे काढून, एकावर एक घरें रचल्यासारखी ती ठेंगणी दाखवीत. सल्लिव्हनचें म्हणणें असें कीं, वस्तूचें रूप तिच्या कार्यांतूनच निघालें पाहिजे. उंची हा जर हिचा धर्म, तर तो लपवावयाचा कशाला? म्हणून त्यानें जमिनीपासून माथ्यापर्यंत उभ्या रेषा अखंड चढविल्या. खालीं दुकानांची मोकळी बैठक, मध्यें एकसारख्या कचेऱ्यांच्या ओळी, आणि वर गोल खिडक्यांभोंवतीं वेलबुट्टीनें मोहरलेला माथा. स्तंभास जसें पीठ, दंड आणि शीर्ष, तशी ही रचना आहे. सर्व अंग तांबूस भाजलेल्या मातीच्या फरशांनीं मढविलेलें असून त्यांवर एवढें बारीक नक्षीकाम आहे कीं, जवळ जाऊन पाहिलें तर तें कापडावरील भरतकामासारखें भासतें.

विजेचें वैभव

याच १८९६ च्या नोव्हेंबर महिन्यांत, १५ तारखेची मध्यरात्र उलटल्यावर, नायगाऱ्याच्या पाण्यावर निर्माण केलेली वीज तारांवाटे बफेलोंत येऊन पोहोंचली व तिच्यावर ट्रामगाड्या धांवूं लागल्या. उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाच्या, टेस्ला यानें विकसित केलेल्या पद्धतीमुळें हें शक्य झालें. आज आपल्या घरांत जी वीज येते ती याच जातीची. परंतु एवढ्या मोठ्या प्रमाणावर दूरच्या शहरास ती पुरविण्याचा प्रारंभ येथें झाला. बफेलो स्वतःस 'प्रकाशाची नगरी' म्हणवूं लागलें.

१९०१ सालीं तेथें सर्व अमेरिका खंडाचें मोठें प्रदर्शन भरलें. त्याच्या मध्यभागीं दिव्यांनीं लखलखणारा विद्युत्-मनोरा उभारला होता. त्याच प्रदर्शनांत ६ सप्टेंबर रोजीं अध्यक्ष मॅकिन्ले यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या व १४ तारखेस त्यांचा अंत झाला. नियतीचा खेळ असा कीं, ज्या प्रदर्शनांत सहस्रावधि दिवे जळत होते, तेथील रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या खोलीस पुरेसा उजेड नव्हता. मावळतीचें ऊन आरशानें वळवून वैद्यांना काम करावें लागलें. वैभव बाहेरून दिसतें तेव्हां तें आंत जेथें हवें तेथें पोहोंचलें आहे कीं नाहीं, हें पाहावें लागतें.

प्रदर्शन मोडलें, मनोरा उतरविला गेला. परंतु त्याची आठवण म्हणून १९१२ सालीं शहरांत पांढऱ्या फरशांनीं मढविलेला २९४ फुटांचा 'इलेक्ट्रिक टॉवर' बांधण्यांत आला. मग १९२५ सालीं २३ मजल्यांची 'लिबर्टी' ही पेढीची इमारत झाली. तिच्या माथ्यावर स्वातंत्र्यदेवतेच्या दोन मूर्ति आहेत. एकीचें तोंड पूर्वेस समुद्राकडे, दुसरीचें पश्चिमेस सरोवरांकडे. दोन दिशांचा व्यापार जेथें भेटतो तें आमचें शहर, असा त्याचा आशय. १९२९ सालीं २९ मजल्यांची 'रँड' इमारत उठली. त्याच वर्षीं शहराच्या पूर्व भागांत १७ मजली मनोऱ्याचें भव्य आगगाडीचें स्थानक सुरू झालें.

नागरिकांचें भवन

या सर्वांचा कळस म्हणजे नगरभवन. जॉन वेड या स्थपतीच्या आराखड्याप्रमाणें तें १९३१ सालीं पुरें झालें. ३२ मजले, ३९८ फूट उंची, आणि खर्च ६८ लाख डॉलरांच्या आसपास. एलिकटनें १८०४ सालीं आंखलेल्या मुख्य चौकाच्या पश्चिम अंगास तें उभें आहे. समोर अध्यक्ष मॅकिन्ले यांच्या स्मरणार्थ उभारलेला पांढरा स्तंभ आहे. भवनाच्या भिंतींवर कोरलेलीं चित्रें राजेरजवाड्यांचीं नाहींत. शहरांतील उद्योगधंदे व त्यांत राबणारीं माणसें तीं आहेत. माथ्यावर सूर्याच्या किरणांसारखी रंगीत फरश्यांची नक्षी असून तिच्यांत तेथील मूळच्या लोकांच्या कलेच्या खुणा घेतल्या आहेत.

आम्हांस या भवनांतील दोन गोष्टी फार शहाणपणाच्या वाटतात. पहिली हवेची. ईरी सरोवरावरून पश्चिमेचा वारा सतत येतो. हिंवाळ्यांत तोच वारा हिमाचे ढीग शहरावर आणून ओततो. स्थपतीनें पश्चिमेच्या अंगास झरोके ठेवून तो वारा आंत घेतला, त्यास जमिनीखालून फिरवून थंड केलें, आणि मग सर्व इमारतींत खेळविलें. यंत्राशिवाय उन्हाळ्यांत गारवा मिळावा अशी ही योजना. वृत्तिकारांनीं अभ्रंलिह म्हणून ज्या वाऱ्याचें उदाहरण दिलें, तोच येथें इमारतीचा सेवक झाला. दुसरी गोष्ट खिडक्यांची. त्या आंतल्या बाजूस उघडतात. त्यामुळें कांच पुसण्यासाठीं कोणास शेंकडों फुटांवर बाहेर लोंबकळावें लागत नाहीं. ज्या घरांत झाडणाऱ्या-पुसणाऱ्याच्या जिवाची काळजी बांधतांनाच केलेली असते, तें घर बांधणारा आमच्या मतें खरा गृहस्थधर्म जाणणारा होय.

सर्वांत उंच इमारत आणि ओहोटी

१९५० सालीं शहराची लोकसंख्या ५,८०,१३२ झाली. हीच तिची परमावधि. १९५९ सालीं सेंट लॉरेन्स नदीचा जलमार्ग मोठ्या जहाजांस खुला झाला. तेव्हां सरोवरांतील धान्य बफेलोस न थांबतां परस्पर समुद्रास जाऊं लागलें. ज्या शहराचा जन्म एका जलमार्गानें झाला त्याची कंबर दुसऱ्या जलमार्गानें मोडली. शेजारच्या लॅकवाना गांवीं पोलादाचा जो अवाढव्य कारखाना होता, व ज्यांत भरभराटीच्या दिवसांत वीस हजार माणसें काम करीत, त्याचें बहुतेक काम १९८३ सालीं बंद पडलें. रुंद मोटाररस्ते झाले. त्यांनीं कांहीं जुन्या वस्त्या व वृक्षराजी कापून टाकिली, आणि ज्यांस शक्य होतें ते लोक शहराबाहेर राहावयास गेले. १९६० सालीं ५,३२,७५९, १९७० सालीं ४,६२,७६८, १९८० सालीं ३,५७,८७० अशी उतरण लागली.

आतां पाहा. याच उतरणींत, १९७२ च्या सुमारास, शहरांतील सर्वांत उंच इमारत उभी राहिली. मरीन मिडलंड नांवाच्या पेढीची ही ४० मजली इमारत ५२९ फूट उंच असून तिच्या पोटाखालून शहराचा मुख्य रस्ता जातो. न्यूयॉर्क शहर सोडलें तर त्या संस्थानांत हिच्याहून उंच इमारत आल्बनी येथें एकच आहे. वीस वर्षांत शहरांतून १ लाख १७ हजार माणसें कमी झालीं असतां हा मनोरा चढला. ज्या वर्षीं विहिरीचें पाणी आटूं लागावें त्याच वर्षीं विहिरीवर नवा रहाट बसवावा, तशांतला हा प्रकार. जो तो मनोऱ्याकडे बोट दाखवून शहराची भरभराट झाली म्हणे; खानेसुमारीचे आंकडे मात्र उलट बोलत होते.

पेढी पुढें दुसऱ्या मोठ्या पेढींत विलीन झाली, इमारतीचें नांव बदललें; आणि २०१३ सालीं ती पेढी व दुसरे मोठे भाडेकरू निघून गेल्यावर चाळीस मजले जवळजवळ ओस पडले. २०१६ सालीं एका विकासकानें ती १ कोटि २६ लाख डॉलरांस विकत घेतली. १९३१ सालीं नगरभवनास जेवढे डॉलर लागले होते त्याच्या दुपटीहूनहि ही रक्कम कमी. आणि मधल्या पंच्याऐंशी वर्षांत डॉलर किती स्वस्त झाला होता, हें वाचकांनीं ध्यानीं घ्यावें. पुढें तेथें राहण्याचीं बिऱ्हाडें बांधण्यांत आलीं, व दुसऱ्या एका पेढीनें आपल्या यंत्रगणकांच्या कामासाठीं बरेच मजले घेतले. दिवे पुन्हां लागले. २०१० सालीं २,६१,३१० वर आलेली लोकसंख्या २०२० सालीं किंचित् वाढलेली आढळली. १९५० नंतर प्रथमच. ही वाढ थोडी आहे. परंतु दीर्घ आजारानंतर रोग्यानें प्रथम जेवण मागावें तसें तें चिन्ह आहे.

पाडावें कीं राखावें?

पडत्या काळांत शहरापुढें जो प्रश्न येतो तोच पडत्या काळांत घरापुढेंहि येतो. मोठा वाडा, माणसें थोडीं, दुरुस्तीस पैसा नाहीं. पाडावा कीं राखावा? बफेलोनें या प्रश्नाचीं दोन्ही उत्तरें देऊन पाहिलीं आहेत.

फ्रँक लॉइड राइट या थोर स्थपतीनें १९०६ सालीं तेथील एका साबणाच्या कंपनीसाठीं कचेरी बांधली होती. तिचें नांव 'लार्किन'. मध्यें वरून उजेड येणारा उंच चौक, भोंवतीं सज्जे, आणि बाहेरचा धूर आंत येऊं नये अशी हवेची व्यवस्था. कंपनी बुडाली; इमारत कराच्या थकबाकींत शहराकडे आली; आणि १९५० सालीं ती पाडण्यांत आली. त्या जागीं मालमोटारींचा तळ व्हावयाचा होता, तोहि झाला नाहीं. जागेचा उपयोग पुढें मोटारी उभ्या करण्यास होत राहिला. आज जगांतील विद्यार्थी त्या इमारतीचे नकाशे अभ्यासतात, आणि ती पाहावयास गेले तर कुंपणाचा एक विटांचा खांब तेवढा दिसतो.

गॅरंटी इमारतीचेंहि तेंच व्हावयाचें होतें. १९७४ सालीं तिला आग लागली, आणि पुढें ती पाडण्याची तयारी झाली. या वेळीं मात्र नागरिक जागे झाले. सेनेटर मॉयनिहन यांनीं तिचा कैवार घेतला, पैसा उभा राहिला, आणि १९८३ च्या सुमारास ती पुन्हां झळकूं लागली. आतां तींत वकिलांची मोठी कचेरी आहे. लार्किन पडली तिची हळहळ नसती तर गॅरंटी वांचली असती कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

परंतु धडा एकदां शिकला म्हणजे कायमचा शिकला असें होत नाहीं. १८९७ सालचें 'ग्रेट नॉर्दर्न' नांवाचें धान्याचें कोठार बाहेरून विटांचें व आंतून पोलादी कणग्यांचें होतें. वाफेऐवजीं विजेवर चालणाऱ्या पहिल्या कोठारांपैकीं तें एक. २०२१ च्या डिसेंबरांत वादळानें त्याची उत्तरेकडील भिंत मोठ्या भागांत ढासळली. तें राखावें म्हणून लोक न्यायालयांत गेले; परंतु २०२२-२३ सालीं तें जमीनदोस्त झालें. उलट दुसरीं कांहीं कोठारें नव्या कामीं लागलीं आहेत. त्यांच्या पोकळ नळकांड्यांत आवाज घुमतो, म्हणून तेथें गायन होतें, काव्यवाचन होतें. शहरांतील पिठाची गिरणी अजून चालू असून तेथें भाजल्या जाणाऱ्या धान्याचा खमंग वास वाऱ्याबरोबर रस्त्यांत दरवळतो. त्या मोठ्या स्थानकावर १९७९ नंतर गाडी थांबलेली नाहीं. तथापि १९९७ पासून नागरिकांच्या एका संस्थेनें तें हातीं घेऊन थोडें थोडें सांवरलें आहे.

या सर्वांवरून आम्हांस असें वाटतें कीं, उंच इमारतीची परीक्षा फुटांनीं करूं नये. तिनें कोणाचे श्रम वांचविले, कोणास उजेड व वारा दिला, आणि तिचें पहिलें प्रयोजन संपल्यावर दुसऱ्या प्रयोजनास ती उपयोगीं पडली कीं नाहीं, हें पाहावें. या कसोटीस सव्वाशें वर्षांची तेरा मजली गॅरंटी उतरते. चाळीस मजल्यांचा मनोरा आतां कोठें उतरूं लागला आहे. ज्यांत माणसें नांदत नाहींत तें घर चाळीस मजल्यांचें असो वा चार खणांचें असो, त्याची अवकळा सारखीच.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलेंनातवंडें आज अमेरिकेंत आहेत, आणि त्यांच्याकडे जाणारीं वडील मंडळी नायगाऱ्याचा धबधबा पाहिल्याशिवाय परत येत नाहींत. त्यांस आमची एवढीच सूचना आहे कीं, धबधब्यासाठीं एक दिवस ठेवाल त्यांतला अर्धा बफेलोस द्यावा. नगरभवनांत पंचविसाव्या मजल्यापर्यंत पाळणा जातो. पुढें पायऱ्या चढून अठ्ठाविसाव्या मजल्यावरच्या सज्जावर जातां येतें. गुडघे दुखत असतील त्यांनीं सावकाश चढावें, पण चढावें. तेथून पश्चिमेस सरोवराचें अथांग पाणी, दक्षिणेस ओळीनें उभीं धान्याचीं कोठारें, जवळच पेढीचा उंच मनोरा, आणि खालीं एलिकटनें आंखलेले आऱ्यांसारखे रस्ते एका नजरेंत येतात. सोबत नातवंडें असतील तर त्यांस आधीं कोठारें दाखवावीं आणि मनोरा मागाहून दाखवावा. म्हणजे शहर कोणत्या क्रमानें उंच झालें तें त्यांस न शिकवितां कळेल.